टांकसाळीपेक्षा स्वस्त नाणं घ्यावं का?

धरमपेठकर: सीताबर्डीवरचे एक विक्रेते नवीन संसद भवनाचं 75 रुपये दर्शनी किमतीचं स्मारक नाणं (2023, प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखं चकचकीत घडवलेलं) टांकसाळीच्या दरापेक्षा आठशे रुपये कमीत देऊन राहिले. नाण्याचं पाकीट थोडं दबलेलं आहे. मुलीसाठी ठेवायचंय. घेऊ का?

इतवारीकर: घ्या भाऊ, पण तपासून. टांकसाळीचं बुकिंग सुरू असताना व्यापारी भरपूर संच उचलतात, मागणी ओसरली की अडकलेला पैसा मोकळा करायला कमी भावात काढतात. स्वस्त म्हणजे खोटंच, असं नाही. यात 50% चांदी, 40% तांबं, 5% निकेल, 5% जस्त. वजन 35 ग्रॅम, व्यास 44 मिमी. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅमच. बाकीची किंमत घडणावळीची आणि हौसेची, ती विकताना परत येईलच असं धरू नका. पाकीट दबलं तर दबू द्या, प्रूफच्या आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा नको. लोक तो कापडानं पुसतात आन् कायमचे ओरखडे पाडतात. अशी नाणी पाहिली की माझा जीव तुटतो.

महालकर: पक्कं बिल घ्या, त्यावर ‘प्रूफ’ लिहून घ्या. यूएनसी (चलनात न फिरलेलं, पण साध्या घडणीचं) नाणं प्रूफच्या भावात गळ्यात मारणारेही आहेत.

धरमपेठकर: आणि टांकसाळीच्या संकेतस्थळावर मिळालं तर?

इतवारीकर: तर आठशे जास्त मोजा, मुलीसाठी आहे ना. जुन्यांचं वेगळं. बृहदीश्वर मंदिराचं 1000 रुपयांचं नाणं (80% चांदी) व्यापाऱ्याकडेच शोधावं लागते. तिथे घासाघीस करा.