हंपीला जाताना कुपगल-संगनकल्लू बघावं का? तिथे पूर्वजांचं काही जाणवतं का?

कृष्णाकाठची
डिसेंबरात सोलापूरहून गाडीने हंपीला चाललोय, आई, मी आणि पुतणी. देवळं बघूच, पण मला खरी ओढ आहे बळ्ळारीजवळच्या कुपगल-संगनकल्लूच्या टेकड्यांची, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे लोक राहायचे आणि दगडी कुऱ्हाडी बनवायचे ना. एक तर आईला चढण झेपेल का ते सांगा. आणि दुसरं म्हणजे, पितृपक्षात आम्ही तीन पिढ्यांची नावं घेतो, त्यामागचं कुणालाच काही माहीत नाही. अशा जागी गेल्यावर कुणाला खरंच वाटलंय का की ही आपली माणसं?

दख्खनी_भटक्या
नक्की जा!! कुपगलच्या हिरेगुड्डा टेकडीवर काळ्या डोलेराइटची (एक कठीण दगड) लांब पट्टी आहे, तोच कुऱ्हाडींचा कच्चा माल. दगड फोडताना उडालेल्या कपच्यांचा अजून खच पडलाय, आणि कुऱ्हाडी घासून घासून खडकाला पडलेले खोलगट चर दिसतात, त्यात हात ठेवला की कुणाचा तरी हात तिथे तासन् तास फिरलाय हे कळतं, मला तरी त्याहून जास्त काही लागलं नाही. वर काळ्या शिळांवर वशिंडाचे, लांब शिंगांचे बैलच बैल कोरलेत. काही शिळा दगडाने वाजवल्या की घंटेसारख्या घुमतात, ठोकून ठोकून त्यांना खळगे पडलेत. तुम्ही वाजवू नका प्लीज, आहेत ते खळगे तसेच राहू देत. वर शिळांवरून चढावं लागतं, आईंना पायथ्यापाशीच थांबवा. बळ्ळारीत रॉबर्ट ब्रूस फूट या ब्रिटिश भूवैज्ञानिकाच्या नावाचं म्युझियम आहे ते आधी दाखवा, मग टेकडी नीट कळते.

पाटावरवंटा
माझं उत्तर स्वयंपाकघरातून. त्या लोकांच्या वस्त्यांमध्ये जळलेले दाणे सापडलेत, त्यात मूग आहेत आणि कुळीथ आहे, म्हणजे आपण थंडीत जे कुळथाचं पिठलं करतो ते कुळीथ! दळायचे दगडही मिळालेत. मला हे वाचून अक्षरशः भरून आलं कारण आजी पावसाळ्याआधी कुळीथ भाजून जात्यावर भरडायची आणि तिला कुणी शिकवलं तर तिच्या आजीने, आणि ही साखळी मागे कुठवर जाते याचा विचार केला की नावं माहीत नसल्याचं दुःख राहत नाही. तर्पणात नाव नसेल तर नसू दे, ताटात आहेत की ते.

मुद्द्याचं_बोलू
भावना समजते पण 'आपली माणसं' म्हणजे नेमकी कुणाची? चार हजार वर्षं म्हणजे दीडशेच्या वर पिढ्या. एवढ्या काळात लोक आले, गेले, मिसळले. आज भारतात जवळपास सगळेच मिश्र वंशाचे आहेत, त्यामुळे त्या टेकडीवर कुणा एका जातीने किंवा भाषेने हक्क सांगू नये एवढंच माझं म्हणणं. तिथल्या माणसांची भाषा कोणती होती तेही आपण सांगू शकत नाही. आणि नातं वाटत असेल तर त्याचं काहीतरी करा, त्या भागात ग्रॅनाइटच्या खाणींनी टेकड्या खाल्ल्यात, त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहा.

पाटावरवंटा
@मुद्द्याचं_बोलू हक्क कोण सांगतंय? उलट इतकी मिसळ आहे म्हणूनच ते सगळ्यांचे होतात. इनामगाव घ्या, शिरूर तालुक्यात, घोडनदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदलं. तिथला काळ थोडा अलीकडचा, तांबं आलेलं. पण गेलेलं लहान मूल दोन रांजणांची तोंडं जोडून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. घराबाहेर नेलंच नाही हो लेकराला. हे समजायला वंशावळ कशाला लागते?

कृष्णाकाठची
सगळ्यांचे खूप आभार, पाटावरवंटा तुमचं शेवटचं वाचून आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली मला पण यायचंय. म्युझियम आधी, टेकडी सकाळी लवकर, असं ठरवतेय. हंपीच्या आसपास अजून काही?

दख्खनी_भटक्या
हंपीजवळ निंबापुरमला राखेचा ढिगारा आहे, गावकरी म्हणतात वालीला तिथे अग्नी दिला. बळ्ळारी-रायचूर पट्ट्यात असे बरेच ढिगारे आहेत, तिकडे तेलंगणातल्या उत्नूरचा खोदला तेव्हा कळलं की तिथे गुरांचे गोठे होते आणि शेणाचे थर पुन्हा पुन्हा पेटवलेले. हंपीहून नदीपलीकडे आनेगुंदीला जाणारच असाल तर पुढे गंगावतीजवळ हिरेबेणकल, शेकडो दगडी थडगी आहेत, काही माणसाहून उंच. ती लोहयुगातली, म्हणजे नंतरची. पण तिथे चढ आहे आणि सावली कमी, पाणी भरपूर न्या आणि आईंना त्या दिवशी आनेगुंदीतच आराम करू दे.