गोळ्या सोडून व्हिटॅमिनवर भागेल का?

निशिगंध: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबलेत पण वजन वाढलंय, दिवसभर सुस्त पडून असतो. नायसिनच्या (व्हिटॅमिन बी३) मोठ्या डोसने गोळ्या सुटतात असं कुणीतरी सांगितलं आणि आई डबी घेऊनच आली. काही तथ्य आहे का ह्यात?

रानवारा: कल्पना जुनी आहे. १९५० च्या दशकात कॅनडात हॉफर आणि ऑस्मंड ह्या मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नायसिन देऊन पाहिलं, १९६८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने ह्या विचाराला ऑर्थोमॉलेक्युलर असं नाव दिलं. अगदीच हवेतली गोष्ट नव्हती ती, कारण पेलाग्रा हा आजार नायसिनच्या कमतरतेने होतो, त्यात माणूस भ्रमिष्टही होतो आणि नायसिन दिलं की सावरतो. पण स्किझोफ्रेनिया म्हणजे पेलाग्रा नव्हे, पुढच्या चाचण्यांत फायदा टिकला नाही, आणि मोठ्या डोसने लिव्हरला इजा होऊ शकते. गोळ्या अचानक बंद करू नका, प्लीज.

पाऊलखुणा: सहमत, पण तपासण्या जरूर करा. माझ्या सासूबाई संशय घ्यायला लागल्या, पायाला मुंग्या यायच्या, सगळे म्हणाले वय झालं. बी१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाल्यावर महिनाभरात स्वतःहून माझ्याशी बोलायला लागल्या. बी१२, थायरॉइड, शुगर बघून घ्या. वजनाचंही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषध बदलता येतं.

निशिगंध: डबी बाजूला ठेवली. सोमवारी भाऊ तपासणीला रक्त देतोय, आईलाही सोबत नेतेय.