मदत हवी आहे: टोकियोत अडकू असं वाटतंय, वादळामुळे शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) बंद होणार, २१ जणांनी क्योतोला कसं जावं?

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

पुण्याहून आमचा जपानी शिकणाऱ्यांचा ग्रुप आलाय, १९ विद्यार्थी आणि सोबत सर आणि मॅडम. बरेचसे एन४ (जपानी भाषेच्या परीक्षेची पातळी) झालेले, दोघी त्याच्या वरची एन३, म्हणजे स्टेशनवर विचारण्याइतपत बोलता येतं पण समोरच्याने फाडफाड उत्तर दिलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सध्या असाकुसाला हॉस्टेलमध्ये आहोत. प्लॅन असा होता की शुक्रवारी सकाळी क्योतो, तिथे एक रात्र हॉटेल, शनिवारपासून होस्ट फॅमिलीकडे, मग दोन रात्री हिरोशिमा आणि पुढच्या गुरुवारी कानसाई एअरपोर्टवरून परत. गणपतीच्या आत घरी पोचायचं हे सगळ्यांच्या आईवडिलांना कबूल केलेलं.

आज बुधवार. संध्याकाळपासून हॉस्टेलच्या लॉबीत टीव्हीवर बातम्या चालू आहेत, पडद्याच्या डावीकडे आणि खाली निळी पट्टी आणि त्यात एकामागून एक लाइनींची नावं सरकतायत. शुक्रवार-शनिवार तोकाइदो शिंकान्सेन टोकियो ते नागोया ठरवून बंद ठेवण्याची शक्यता आहे असं जाहीर झालंय. पक्कं उद्या दुपारी सांगणार म्हणे.

एजंटला पुण्यात फोन केला तर तो म्हणतो हॉटेलं नॉन-रिफंडेबल आहेत, बदल तुमचे तुम्ही करा, आणि वर "काळजी करू नका, जपानमध्ये सगळं वेळेवर असतं". डोकं फिरलं ऐकून.

ग्रुपमध्ये तीन पक्ष पडलेत. सर म्हणतात इथेच थांबू, वादळ जाऊ दे, रविवारी निघू. मुलांचं म्हणणं होकुरिकु शिंकान्सेनने कानाझावाकडून फिरून जाऊ, त्यांनी यूट्यूबवर बघितलंय. मला वाटतं उद्याच निघावं, पण उद्या रात्री क्योतोत २१ जणांना झोपवायचं कुठे? आणि उद्या इथल्या हॉस्टेलचे पैसे भरलेले आहेत ते वेगळेच.

सगळ्यांकडे ७ दिवसांच्या जेआर (जपान रेल्वे) पासची व्हाउचर आहेत, शुक्रवारी सकाळी ती देऊन पास घेणार, म्हणजे एक्सचेंज करणार होतो. व्हिसाच्या अर्जात रोजचा कार्यक्रम लिहून दिला होता, तो बदलला तर काही लफडं होतं का? इन्शुरन्सवाल्यांना काय दाखवावं लागतं? आणि हिरोशिमा सोडून द्यायचं का? पीस म्युझियमसाठी पोरांनी तयारी केलीय, म्हणून जीव होत नाही.

प्लीज लवकर सांगा.

ओसाकाकर:

उद्या निघा. बाकी चर्चा ट्रेनमध्ये बसून करा.

होकुरिकुचं म्हणाल तर २०२४ च्या मार्चमध्ये ती लाइन त्सुरुगापर्यंत वाढली, तेव्हापासून हा फेरा खरंच शक्य आहे. टोकियो ते त्सुरुगा सव्वातीन तासांच्या आसपास, मग थंडरबर्ड ही एक्सप्रेस पकडून तासाभरात क्योतो. पासमध्ये बसतं सगळं. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी १० नंबरच्या वादळात (इथे दर वर्षी वादळांना क्रमांक देतात) तोकाइदो मधल्या भागात सलग काही दिवस बंद होती, तेव्हा अख्खी जनता याच वाटेने पळाली, पण तुम्ही २१ जण आहात हो. होकुरिकुवरच्या गाड्यांपैकी कागायाकीला सगळ्या सीट रिझर्व्ड असतात, हाकुताकाला बिनरिझर्व्ह डबे असतात पण तिथे बॅगांसकट उभं राहून जाणार का? शिवाय त्सुरुगा ते क्योतोमधली कोसेइ लाइन बिवा तलावाच्या काठाने जाते आणि वाऱ्यासाठी बदनाम आहे, साध्या दिवशीसुद्धा डोंगरावरून वारा सुटला की गाड्या थांबवतात नाहीतर माइबाराकडून वळवतात. वादळात तिच्या भरवशावर राहू नका. त्सुरुगाला २१ जण अडकले तर टोकियो बरं होतं म्हणाल.

ग्रुप तोडू तर अजिबात नका. "अर्धे आज, अर्धे उद्या" करायला गेलात की मॅडम एका शहरात आणि औषधाची पिशवी दुसऱ्या.

मोदकप्रेमी_नागोया:

व्हाउचर अजून एक्सचेंज केली नाहीत हे नशीब समजा! एकदा एक्सचेंज करून तारीख टाकली की ती बदलत नाही, आणि गाड्या बंद राहिल्या म्हणून पासचे दिवसही वाढवून देत नाहीत. उद्या सकाळी एक्सचेंज करा आणि उद्याचीच तारीख टाका, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत चालेल, गुरुवारी एअरपोर्टचं तेवढं वेगळं पडेल, ओसाकातल्या नांबाहून नानकाइ या खाजगी रेल्वेने हजार येनच्या आत काम होतं. उएनो स्टेशनला पण एक्सचेंज होतं, असाकुसाहून गिंझा लाइनची मेट्रो थेट जाते. सगळ्यांनी पासपोर्टसकट या, झेरॉक्स चालत नाही.

तोकाइदोवरच्या सगळ्यात वेगवान नोझोमीत बसू नका, पासवर जादा पैसे पडतात. तिच्या खालोखालची हिकारी घ्या. आणि बॅगांची लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर डब्यात शेवटच्या रांगेमागे जागा असते, ती सीटसोबतच बुक करावी लागते, नाहीतर वर हजार येन. कुरिअरने बॅगा पुढे पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा, वादळात त्यांचंही रखडतं.

बाय द वे, हा पास तुमच्या या रूटला वसूल होत नाही, पण ते एजंटशी भांडण पुण्याला गेल्यावर.

धागाकर्ती:

खूप खूप आभार दोघांचे. सरांना हे वाचून दाखवलं, ते जवळजवळ तयार झालेत. फक्त राहायचं काय? क्योतोतलं हॉटेल उद्यासाठी फुल आहे म्हणतंय, आणि ऑनलाइन जे दिसतंय ते दोघातिघांसाठी, एवढ्या जणांना एकत्र कुठेच नाही.

ओसाकाकर:

क्योतोचा हट्ट सोडा, ओत्सुला बघा, जेआरने दहा मिनिटांवर आहे आणि स्वस्त पण. साइटवर शोधू नका, फोन करा, एन३ वाल्या मुलींना बसवा फोनवर. ग्रुप आहे, वादळामुळे एक दिवस आधी येतोय, असं सरळ सांगितलं की रिसेप्शनवाले दोन-तीन मजल्यांवर विखरून का होईना खोल्या काढतात. इथल्या हॉस्टेललाही विचारा. नॉन-रिफंडेबल असलं तरी गाड्या बंद असतात तेव्हा पुष्कळ ठिकाणी सूट देतात. नियम नाहीये तो, मालकाच्या मर्जीवर आहे, पण जपानीत विनंती केली तर फरक पडतो.

सह्याद्री_टू_फुजी:

व्हिसाचं टेन्शन घेऊ नका, देशातल्या देशात कार्यक्रम बदलला तर कुणी विचारत नाही. बघायचं ते पासपोर्टवरचं उतरताना लावलेलं स्टिकर, त्यावर किती दिवस राहायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. विमान पुढे ढकललं गेलं आणि ते दिवस ओलांडायची वेळ आली तरच इमिग्रेशन ऑफिस गाठायचं.

इन्शुरन्ससाठी गाडी बंद असल्याचा कागद स्टेशनवर मागून घ्या, जादा हॉटेलच्या पावत्या मूळ हव्यात, आणि क्लेम नंतर करायचा असला तरी कंपनीला ईमेल आजच टाकून ठेवा. ठरवून बंद केलेल्या गाडीचं तिकीट असेल तर पैसे पूर्ण मिळतात, त्यासाठी त्याच दिवशी खिडकीवर दोन तास उभं राहायचं काही कारण नाही.

आणि कानसाईकडे लक्ष ठेवा. समुद्रात भराव घालून बांधलेला एअरपोर्ट आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये २१ नंबरच्या वादळात धावपट्टीवर पाणी आलं आणि एक टँकर जाऊन पुलाला धडकला, हजारो लोक आत अडकून पडले होते. तुमचं विमान पुढच्या गुरुवारी आहे तोवर हे वादळ गेलेलं असेल, पण पाठोपाठ दुसरं येऊ शकतं, सीझन आहे. म्हणून मी असतो तर हिरोशिमा दोन रात्रींचं एका दिवसावर आणलं असतं, सकाळी जाऊन म्युझियम बघून रात्री परत ओसाका. शिन-ओसाकाहून दीड तासाच्या आसपास लागतो, सहज होतं. हिरोशिमाजवळचं मियाजिमा बेट राहील, राहू दे.

धागाकर्ती:

अपडेट. सर हो म्हणाले! ओत्सुला एका बिझनेस हॉटेलमध्ये सगळ्यांची सोय झाली, फोन एन३ वाल्या मुलीनेच केला आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी तिला दोनदा हळू बोलून समजावलं. हॉस्टेलवाला उद्याचे अर्धे पैसे परत देतोय. सकाळी आठला उएनो, एक्सचेंज, मग टोकियो स्टेशनवरून मिळेल ती हिकारी. पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर नवा प्लॅन टाकला तर पहिला प्रश्न "जेवणाचं काय".

तर तेच विचारते आता. चौघं शाकाहारी आहेत, त्यातली एक जैन. थेपले आणि खाकरे दोन दिवस पुरतील, बाकरवडीचे डबे होस्ट फॅमिलीसाठी आहेत त्याला हात लावू देत नाहीये मी. शुक्रवारी वादळात हॉटेलमध्ये कोंडून बसलो तर कोनबिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) काय मिळेल?

मोदकप्रेमी_नागोया:

जे घ्यायचं ते उद्या दुपारीच घ्या, वादळाच्या आदल्या संध्याकाळी ब्रेड, पाणी, केळी आधी संपतात. उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) घ्या पण पाकिटावर काय काय आहे ते वाचून, कित्येकदा माशाचा अर्क असतो. भाजलेलं रताळं, सोललेले काजू-बदाम, टोफू. जैन मुलीसाठी साधा भात मिळतो, मायक्रोवेव्हचा, पांढऱ्या डब्यात. मेतकूट आणलंय का कुणी?