पिंग स्वच्छ, तरी काही टीसीपी जोडण्या रखडतात: चार स्पाइनच्या फॅब्रिकमध्ये (स्विचच्या जाळ्यात) लॉस (पॅकेट हरवणं) शोधायचा कसा?

रॅक_१२: दोन लीफ (सर्व्हर जोडलेले स्विच), चार स्पाइन (लीफना एकमेकांशी जोडणारे मधले स्विच), ईसीएमपी (समान वाटांवर वाहतूक वाटून देणं). सर्व्हर २५ गिगवर (गिगाबिट प्रतिसेकंद), लीफ-स्पाइन लिंक १०० गिग एसआर४ (चार लेनची, म्हणजे चार समांतर प्रकाशवाटांची फायबर लिंक). डेटाबेसकडे जाणाऱ्या काही जोडण्यांत सतत रिट्रान्समिट (पॅकेट पुन्हा पाठवणं), बाकीच्या सुरळीत. पिंगला शून्य लॉस. एमटीआरमध्ये (वाटेतल्या प्रत्येक हॉपवरचा, म्हणजे टप्प्यावरचा लॉस दाखवणारं साधन) स्पाइनवर २०-३० टक्के लॉस दिसतो, पुढच्या हॉपवर काहीच नाही. डेटाबेस सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर सीआरसी एरर (फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट वाटेत बिघडल्याची खूण) वाढताहेत, पण केबल आणि कार्ड बदलूनही तेच. आता कुठे बघू?

फायबरवाला: एमटीआरमधला स्पाइनचा आकडा सोडून द्या. टीटीएल (पॅकेटला किती हॉप चालतील तो आकडा) संपल्याचं उत्तर स्विचचा सीपीयू देतो आणि त्यावर मर्यादा घातलेली असते. पुढचा हॉप स्वच्छ असेल तर तो लॉस खरा नाही.

पिंगला पोर्ट नंबर नसतो, त्यामुळे हॅश (पत्ते आणि पोर्टवरून वाट ठरवणारं गणित) त्याला दरवेळी एकाच वाटेने पाठवतो. आयपर्फ३ (जोडणीचा वेग मोजणारं साधन) चालवा, दरवेळी सोर्स पोर्ट बदलून, निदान ३० वेगवेगळे. साधारण चौथा हिस्सा खराब निघाला तर चारांपैकी एकच वाट आजारी आहे.

बफर_बघा: कार्डावरचा सीआरसी म्हणजे दोष कार्डाजवळच, असं धरू नका. कट-थ्रू स्विच पूर्ण फ्रेम येण्याआधीच ती पुढे पाठवायला लागतो. शेवटचा चेकसम (हाच सीआरसी) चुकीचा आहे हे कळेपर्यंत फ्रेमचं डोकं बाहेर गेलेलं असतं, म्हणून तो चेकसम मुद्दाम बिघडवून ती पुढे ढकलतो. यालाच स्टॉम्प्ड सीआरसी म्हणतात. मात्र २५ वरून १०० गिगवर जाताना फ्रेम आधी साठवावी लागते, तिथे खराब फ्रेम गळून पडते. म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरची केबल निर्दोष. संशय १०० गिगच्या लिंकवरच. ज्या पोर्टच्या रिसीव्ह बाजूला सीआरसी वाढतो पण स्टॉम्प्ड वाढत नाही, त्याच पोर्टची लिंक खराब.

सापडल्यावर आधी त्या लिंकवरची वाहतूक रूटिंगमधून काढा. उरलेल्या तीन स्पाइनना भार झेपतो का ते पाहून. मग चारही लेनची रिसीव्ह पॉवर वेगवेगळी वाचा. एकच लेन खाली असेल तर बहुतेक वेळा एमपीओच्या (अनेक फायबर एकत्र जोडणाऱ्या कनेक्टरच्या) टोकावर धूळ असते. ऑप्टिक (प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) बदलण्याआधी दोन्ही टोकं साफ करून स्कोपखाली (फायबर तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघा. एफईसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) चालू असेल तर दुरुस्त झालेले कोडवर्ड (डेटाचे गट) थोडे वाढणारच. दुरुस्त न झालेले वाढता कामा नयेत.

फायबरवाला: सहमत. आणि साफ केल्यावर काउंटर शून्य करून, पूर्ण भार टाकूनच लिंक परत घ्या. सीआरसी कुठेच नसता आणि आउटपुट डिस्कार्ड (बाहेर पाठवताना टाकून दिलेली पॅकेट) वाढत असते, तर मायक्रोबर्स्टकडे (क्षणभराच्या वाहतुकीच्या लोंढ्याकडे) वळावं लागलं असतं. पाच मिनिटांच्या सरासरीत तो दिसत नाही.