‘घे घे घे’ नक्की कुणाचं?

मांडवीकाठ : कालच्या पोस्टीत ठोकून दिलंय, की ‘घे घे घे’ ध्रुवपदाचं ‘हांव सायबा पलतडी वयतां’ हे कोंकणी गाणं अनाम लोकगीत, मग ‘बॉबी’ने (1973) घेतलं तर कुणाचं काय गेलं? अनाम कसलं डोंबलाचं! कार्लुस युजेनियो फेरेरांच्या नावावर ते 1895 मध्ये पॅरिसला छापलं गेलं, 1926 मध्ये गोव्यात रांजेलच्या छापखान्यातून पुन्हा. सिनेमातल्या ‘ना मांगूं सोना चांदी’खाली नावं मात्र विठ्ठलभाई पटेल आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचीच.

पेटीमास्तर : छापलं म्हणजे रचलं, हे कुणी ठरवलं? लोकांच्या तोंडच्या चाली कागदावर उतरवणारे तेव्हाही होतेच. शिवाय नुसती उचल नाहीये ती. मूळ गाण्यात दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण नावाड्याला दागिने देऊ करते आणि तो ‘नाका गो’ म्हणतो. सिनेमात तोच नकार नायकाच्या तोंडी घातला. याला कारागिरी म्हणतात.

मांडवीकाठ : म्हणजे शब्द, चाल आणि वर कल्पनाही! छान बचाव केलात.

कायदेबाज : फेरेरा वारले 1932 मध्ये. त्यांना रचनाकार मानलं, तर तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यातली मृत्यूनंतरची 50 वर्षं 1982 पर्यंत जातात. (60 झाली ती 1992 मध्ये.) सिनेमा आला 1973 ला. आणि नुसतं नाव छापायला कुठे पैसे पडतात?

घुमटवाला : हक्कांचं नंतर बघा, आधी वाजवता काय ते बघा. मंचावर ‘आता गोव्याचा मांडो’ म्हणून हेच गाणं लावतात. अहो, ही देखणी, नाचायचं गाणं! मांडो संथ, 6/4 मधला. त्यात कीबोर्डवरचा ढोलकीचा तयार ठेका. घुमट, आपलं कातडं चढवलेलं मडक्याचं वाद्य, कुठे गेलं?

पेटीमास्तर : घुमटावरचं घोरपडीचं कातडं तुम्ही आणून देणार का, जामिनासकट?

घुमटवाला : टोमणे नकोत. घोरपडीला संरक्षण देणारा वन्यजीव कायदा 1972 चा आहे, आता बकऱ्याच्या कातड्यावर काम चालतं. भिजवून मोठ्या तोंडावर चढवायचं, काठाखाली दोरीने आवळायचं, चहूबाजूंनी सारखं ताणून वाळू द्यायचं. एका बाजूला ढिलं राहिलं की थाप फुटते. पावसाळी हवेत सैल पडतं, वाजवण्याआधी शेक द्यावा लागतो. खरी मेख डाव्या हातात. मागचं लहान तोंड तळव्याने झाकत-उघडत राहिलं तरच खर्ज घुमतो. ते सतत उघडं ठेवून मडकं बडवणारे बघितले की डोकं फिरतं.

मांडवीकाठ : धागा फेरेरांचा होता हो.

कायदेबाज : मडक्याने गिळला.

पेटीमास्तर : बरं बाबा, ‘फेरेरा यांनी प्रकाशित केलेल्या गीतावरून’ एवढं लिहा. ‘रचनाकार फेरेरा’ लिहिलंत तर पुन्हा भांडेन.

मांडवीकाठ : उपकार झाले!

घुमटवाला : काय लिहायचं ते लिहा, ‘मांडो’ तेवढं लिहू नका.