मदत हवी आहे: शेंगांच्या फ्रेममधून भुसा पडतोय

नमस्कार मंडळी. रंकाळा तलावाच्या काठाने पडलेल्या शेंगा, बिया, साली गोळा करून मी प्लायवर चित्रं करते. झाडावरचं काही तोडत नाही.

अडचण शिरीषाच्या शेंगांची. बी जिथे फुगलेलं असतं नेमकं तिथे टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पडतं आणि फ्रेमखाली बारीक भुसा साठतो. करडे, चिमुकले भुंगेरेही दिसले. गुलमोहर आणि रिठ्याला मात्र काही झालेलं नाही.

शेंगा उन्हाळ्यात कडक वाळवल्या होत्या. डब्यात कडुलिंबाचा पाला, कापूर झालं. वॉर्निशचा हात दिला, तर किडे तोही पोखरून बाहेर! आता पावसाळ्यात कोल्हापुरात ऊन विसराच.

घरात लहान मूल आहे, त्यामुळे विषारी फवारा नको (गुंजाही त्याच कारणाने वापरत नाही). ओव्हन नाही. फ्रीजर आहे, पण दोन फुटी फ्रेम त्यात मावत नाही.

सुट्या शेंगा फ्रीजरमध्ये किती दिवस ठेवाव्यात, आणि बाहेर काढल्यावर ओल धरून बुरशी येऊ नये म्हणून काय करता? आणि तयार फ्रेममधल्या अळ्या, शेंगा न उखडता, कशा माराव्यात?