मदत हवी आहे: बाबांच्या नडगीत हाड भरताना त्यातच अँटिबायोटिक मिसळायचं का?

नमस्कार मंडळी,

श्रावणात नवले पुलाच्या उतारावर बाबांची स्कूटर घसरली. वय ६१, शुगर जुनी. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं. रॉड घातला, पण दीड महिन्यात पू यायला लागला. मग रॉड काढला, मेलेलं हाड खरवडलं, आता बाहेरून सळ्यांचा पिंजरा आहे आणि मधे चार सेंटिमीटरची पोकळी. सलाईनमधून व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केलं तर क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं, थांबवावं लागलं.

आता दोन डॉक्टर, दोन मतं. कोथरूडचे म्हणतात, आधी अँटिबायोटिक घातलेल्या बोन सिमेंटचा ठोकळा ठेवू, सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होईल, मग ठोकळा काढून कमरेचं हाड भरू. कॅम्पातले म्हणतात, एकदाच करू, कमरेच्या हाडाच्या चुऱ्यातच व्हॅन्कोमायसिनची पावडर मिसळू. आईचं एकच पालुपद, "एकदाचं काय ते होऊन जाऊ दे." मलाही तेच हवंय, पण औषधाने ते नवं हाडच मरणार नाही ना? आणि किडनीचं काय? कोणी यातून गेलं असेल तर सांगा. (गरम सळईने डाग देणारे वैद्य सुचवू नयेत, काकांनी आधीच सुचवले आहेत.)

प्रतिसाद १:
मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरात नर्स होते, डॉक्टर नाही. मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा नसतो, म्हणून सलाईनमधलं औषध तिथे नीट पोचत नाही. जागेवर ठेवलं की तिथे भरपूर मिळतं आणि रक्तात थोडंच उतरतं, त्यामुळे किडनीला त्रास कमी. तरी क्रिएटिनिन तपासत राहायचंच. हाडाच्या पेशींना व्हॅन्कोमायसिन त्यातल्या त्यात सोसतं, पण मात्रा फार झाली की त्यांनाही मारक. हाडाच्या चुऱ्यातली पावडर पहिल्या काही दिवसांतच बरीचशी निघून जाते. सिमेंटमधूनही सुरुवातीलाच जास्त येतं, पुढे थोडं थोडं झिरपतं, पण ते विरघळत नाही, म्हणून काढायला पुन्हा ऑपरेशन. सिमेंटऐवजी कॅल्शियम सल्फेटचे औषध घातलेले मणी ठेवले तर ते विरघळतात, मात्र जखमेतून पांढरट पाणी गळतं आणि नातेवाईक पू समजून रात्री फोन करतात!
हे सगळं नंतरचं. खरवडणं पूर्ण झालं नसेल तर कुठलंही औषध पुरं पडत नाही. कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) कुठला जंतू आला? ग्रॅम निगेटिव्ह गटातला असेल तर व्हॅन्कोमायसिनचा उपयोगच नाही, जेंटामायसिनसारखं काही लागेल.

धागाकर्ती:
ताई, खूप आभार. फाइल उपसली. रिपोर्ट मिळाला, पण तो जखमेवरच्या स्वॅबचा (बोळ्याने वरून पुसून घेतलेल्या नमुन्याचा) आहे, तोही अँटिबायोटिक चालू असतानाचा. त्यावर विसंबायचं का?

प्रतिसाद १:
नको. वरच्या स्वॅबमध्ये कातडीवरचे जंतूही येतात, आतला खरा सापडेलच असं नाही. पुन्हा खरवडतील तेव्हा आतल्या हाडाचे चार-पाच तुकडे वेगवेगळ्या डब्यांतून पाठवायला सांगा, आणि त्याआधी दोनेक आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवता येईल का ते डॉक्टरांनाच विचारा, आपल्या मनाने बंद करू नका. तोवर एकदा की दोनदा हा वाद आईंसमोर काढूच नका. शुगर किती आहे सध्या?

धागाकर्ती:
उपाशीपोटी १९०.

प्रतिसाद १:
मग पहिला फोन शुगरच्या डॉक्टरांना.